अर्ध्या मीटरचं रबर

टेबल टेनिसच्या रबराच्या पाकिटावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा तीन आकडे छापलेले असतात: वेग, फिरकी आणि नियंत्रण. हे आकडे ज्या त्या कंपनीने आपापल्या फूटपट्टीने मोजलेले असतात, त्यामुळे एकीचा नऊ आणि दुसरीचा नऊ यांची पत्रिका जुळेलच असं नाही. तरीही टेबलाला चिकटून चढाईचा खेळ करू पाहणाऱ्याची नजर आधी वेगाच्या आकड्यावर जाते. त्यामागचा तर्क साधा आहे. चढाई म्हणजे वेग, आणि वेग हवा तर वेगवान रबर घ्या. दुकानदार तेच सांगतो, सोबत खेळणारे तेच सांगतात आणि जाहिरातीही तेच सांगतात. हा तर्क टेबलापासून दोन-तीन मीटर मागे उभं राहून टॉपस्पिन मारणाऱ्याला बऱ्यापैकी लागू पडतो. टेबलाजवळच्या आक्रमकाला मात्र तो फसवतो. वेळ हेच त्याचं खरं भांडवल असतं. चेंडू टप्प्यावरून उठता उठता गाठायचा, समोरच्याला सावरू द्यायचं नाही, हा त्याचा सगळा डाव. म्हणून त्याने रबर निवडावं ते वेळेच्या हिशेबाने. जे रबर त्याला टेबलाजवळ उभं राहू देतं ते त्याचं. जे मागे ढकलतं ते कितीही वेगवान, कितीही महाग असलं तरी परक्याचं.

आधी हिशेब मांडू. टेबल २.७४ मीटर लांब असतं. समोरचा खेळाडू त्याच्या कडेपासून अर्धा मीटर मागे आणि आपला खेळाडू एक मीटर मागे आहे असं धरलं, तर दोघांमधलं अंतर ४.२४ मीटर होतं. आपल्या फटक्याचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर धरू. चेंडू पलीकडे पोहोचायला ०.२८ सेकंद लागतात. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायलाच माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे समोरच्याकडे उरतो तो निमिषभर वेळ. आता रबर बदलून चेंडूचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला असं समजू. त्या बदलाने समोरच्याचे ०.०२६ सेकंद हिरावले जातात. दुसऱ्या प्रयोगात रबर तेच ठेवू आणि आपला खेळाडू अर्धा मीटर पुढे आणू. टप्पा घेऊन येणारा चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने येत असेल, तर तो आपल्याला ०.०५ सेकंद आधी मिळतो. परतीचं अंतरही अर्ध्या मीटरने घटतं, त्याचे ०.०३३ सेकंद. बेरीज ०.०८३. हवेचा अडथळा आणि चेंडूची वक्र वाट यात धरलेली नाही, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. पण प्रमाण बोलकं आहे. दहा टक्के जास्त वेगाने जे मिळतं, त्याच्या तिप्पट अर्ध्या मीटरने मिळतं. आणि रबराच्या वेगामुळे खेळाडू बिचकून अर्धा मीटर मागे सरकला, तर कमावल्याच्या तिप्पट गमावलं जातं. प्रश्न एवढाच उरतो की रबराचा कोणता गुण माणसाला पुढे उभं राहू देतो आणि कोणता मागे रेटतो.

त्यासाठी रबराच्या पोटात डोकावायला हवं. ज्याला आपण सरसकट रबर म्हणतो ती दोन थरांची जोडी असते. वरचा पातळ थर रबराचा, त्याच्या एका अंगाला दाणे. खालचा थर स्पंजचा. दाणे आत स्पंजकडे वळवले की वरचा पृष्ठभाग सपाट राहतो. हेच आपलं नेहमीचं साधं रबर. दाणे बाहेर ठेवले की ते पिंपल. गोंदासह ही जोडी ४ मिलिमीटरपेक्षा जाड असू नये असा नियम आहे. चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, आणि रबराला त्याचा स्पर्श होतो साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता. तेवढ्यात स्पंज दबतो, वरचा थर ताणला जातो आणि दोन्ही मिळून चेंडू परत फेकतात. आजच्या महागड्या रबरांत हा ताण कारखान्यातच भरलेला असतो, त्यामुळे ती गोफणीसारखी वागतात. दगड ठेवला की सुटलाच. ही गोफण सगळ्या फटक्यांना सारखी मदत करत नाही, आणि नेमकी तिथेच मेख आहे. पूर्ण ताकदीने मारलेल्या फटक्यात वेग मुख्यतः हाताचा आणि लाकडाचा असतो. गोफणीची भर त्यात थोडीच. हलक्या हाताने लावलेल्या बॅटला मात्र ती न मागता वेग देते. चेंडू नुसता थोपवायचा असतो, तर तो चार बोटं लांब जातो. सर्व्हिस आखूड परतवायची असते, तर ती तरंगत टेबलाबाहेर निघते. शिवाय समोरून आलेली फिरकी अशा रबराला लगेच चिकटते आणि परतीच्या चेंडूची दिशा तीच ठरवू लागते.

टेबलाजवळच्या खेळात हलके आणि अर्धे फटकेच जास्त असतात, हे वेगाचा आकडा वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. चढाई करणाऱ्यालाही निम्म्या गुणांची सुरुवात सर्व्हिस परतवण्यापासून करावी लागते, कारण सर्व्हिस दोन-दोनच्या पाळीने बदलते. ती आखूड ठेवायची, नाहीतर फ्लिक करायची. दोन्ही ठिकाणी हात थोडाच फिरतो. मग समोरच्याचं टॉपस्पिन ब्लॉक करायचं किंवा उठत्या चेंडूवर काउंटर मारायचा. इथेही हाताला मागे जायला जागा नसते आणि वेळही नसतो. वेग समोरच्याने दिलेलाच असतो. तो वळवून परत पाठवायचा असतो. दूर उभ्या खेळाडूची गोष्ट वेगळी. हलका चेंडू हवेत झपाट्याने मंदावतो, त्याच्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्याचा जोर ओसरलेला असतो, आणि तो लांबून परत पाठवायचा तर रबराची गोफण हवीच. टेबलाजवळ चेंडू येतो तेव्हा त्यात जोर शिल्लक असतो. उसना वेग फुकट मिळत असताना विकतचा कशाला घ्यायचा? इथल्या खेळाडूला हवं ते हलक्या हाताला शांत राहणारं, जोराच्या हाताला साथ देणारं आणि आलेल्या फिरकीने बावचळून न जाणारं रबर. या तीन गुणांवर विश्वास बसला की पाय आपोआप पुढे राहतात. ते नसले की पहिले दोन-तीन ब्लॉक लांब गेल्यावर खेळाडू नकळत पाऊल मागे घेतो, आणि मग चढाई नावापुरती उरते.

या खेळात बॅटच्या आवरणाने पहिला मोठा भूकंप घडवला तो मुंबईत. १९५२ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. आशियात ती प्रथमच होत होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तोवर बहुतेक सगळे दाण्यांच्या, स्पंज नसलेल्या रबराने खेळत. चेंडू बॅटवर आपटला की टक् असा आवाज यायचा, आणि त्या आवाजावरून, हाताच्या फिरण्यावरून चेंडू कसा येणार याचा अंदाज बांधला जायचा. सातोच्या बॅटला आवाजच नव्हता. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून तो विजेता झाला. या घटनेचा अर्थ बहुधा असा लावला जातो की स्पंजने खेळात वेग आणला. ते खरंच आहे, पण पुरतं खरं नाही. त्या बॅटने प्रतिस्पर्ध्यांकडून अंदाजाचा वेळ काढून घेतला. कानांना मिळणारी सूचना नाहीशी झाली आणि चेंडू नेहमीच्या तालात येईना. पुढे बरीच वर्षं वाद चालला आणि १९५९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम केला: नुसता स्पंज नको; स्पंजवर दाण्यांचं रबर असावं आणि दोन्ही मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत राहावी. आज आपण जे रबर विकत घेतो त्याचा साचा त्या नियमाने घडवला, आणि त्या नियमाची वाट मुंबईवरून गेली.

नंतरच्या काळात टेबलाजवळची चढाई ही चीनची ओळख बनली. चुआंग त्सतुंगने १९६१, १९६३ आणि १९६५ अशा लागोपाठ तीन जागतिक स्पर्धांत पुरुष एकेरी जिंकली. पेन धरावा तशी बॅटची पकड, बाहेर दाणे असलेलं शॉर्ट पिंपल रबर, आणि टेबलाला चिकटून दोन्ही बाजूंनी हल्ला. चीनच्या प्रशिक्षणात या खेळाची सूत्रं चार शब्दांत सांगितली जात: चपळाई, अचूकपणा, घाव आणि बदल. फिरकी हा पाचवा शब्द मागाहून आला. शॉर्ट पिंपलची निवड या खेळाला का मानवली, याचं कारण त्याच्या रचनेत आहे. चेंडू सपाट पृष्ठभागाऐवजी दाण्यांच्या माथ्यांवर टेकतो, त्यामुळे पकड कमी मिळते. पकड कमी म्हणजे स्वतःची फिरकी कमी, आणि समोरच्याच्या फिरकीचा त्रासही कमी. हा दुसरा भाग टेबलाजवळ सोन्याच्या मोलाचा. जोरदार टॉपस्पिन आलं तरी बॅट फारशी न झाकता, उठत्या चेंडूवर सरळ फटका मारता येतो. परतलेला चेंडू खाली बसत जातो, पलीकडे टप्पा पडल्यावर फारसा उसळत नाही, आणि टॉपस्पिनची सवय लागलेल्या हाताला तो नेटमध्ये घालायला लावतो. हे रबर साध्या रबरापेक्षा सहसा कमी गोफणीचं असतं. तरी त्यावर अर्धं शतक पोसलेला खेळ जगातला सर्वांत जलद खेळ म्हणून ओळखला गेला. तो वेग पावलांनी आणि वेळेने मिळवलेला होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो इतिहासातूनच येतो. १९८९ साली डॉर्टमुंडला स्वीडनने पुरुष सांघिक अंतिम सामन्यात चीनला ५-० असं धुतलं. यान-ओवे वाल्डनर आणि त्याचे सहकारी साध्या रबराने, दोन्ही बाजूंनी टॉपस्पिन मारत खेळत होते. पिंपलची सद्दी संपली, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. पुढे २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला, २००१ मध्ये गेम २१ वरून ११ गुणांवर आला, २००२ मध्ये शरीराआड सर्व्हिस लपवणं बंद झालं, आणि २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचा चेंडू आला. मोठ्या, कमी फिरणाऱ्या चेंडूने पिंपलच्या तुटपुंज्या फिरकीला आणखी कात्री लावली, हे मान्य करायलाच हवं. दोन्ही बाजूंना शॉर्ट पिंपल लावून आज अव्वल स्थानी पोहोचणं फार अवघड आहे. पण या पुराव्यातून टेबलाजवळचा खेळ हरला असं ठरत नाही. १९९५ साली त्येनचिनला चीनने स्वीडनकडून सांघिक विजेतेपद परत घेतलं तेव्हा संघात बॅकहँडला शॉर्ट पिंपल लावणारा वांग ताओ होता आणि पेनच्या पकडीने शॉर्ट पिंपल खेळणारा ल्यू क्वोल्यांगही. ल्यूने तर पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरी आणि दुहेरी अशी दोन्ही सुवर्णपदकं नेली. बॅटच्या दुसऱ्या अंगाला साधं रबर लावून त्याने उलट्या बाजूचा बॅकहँड रुजवला. म्हणजे एका बाजूला पिंपल, दुसऱ्या बाजूला फिरकी, अशी वाटणी झाली.

त्या वाटणीवर प्लास्टिकच्या चेंडूच्या काळातही शिक्का बसला. जपानची मिमा इतो फोरहँडला साधं रबर आणि बॅकहँडला शॉर्ट पिंपल वापरते. २०१८ च्या स्वीडिश ओपनमध्ये तिने ल्यू शिवेन, दिंग निंग आणि चू युलिंग या तीन चिनी खेळाडूंना ओळीने हरवलं. २०२१ मध्ये टोकियोत जुन मिझुतानीच्या साथीने मिश्र दुहेरीचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं, तेही अंतिम सामन्यात चीनच्या जोडीला हरवून. स्वीडनचा मत्तियास फाल्क उलटी वाटणी करतो. त्याच्या फोरहँडला पिंपल असतं. तो २०१९ साली बुडापेस्टला जागतिक एकेरीच्या अंतिम सामन्यात पोहोचला. दोघांच्याही खेळात एक गोष्ट समान आहे. ज्या बाजूला वेळ सर्वांत कमी पडतो किंवा सपाट फटका सर्वांत कामाचा ठरतो, त्या बाजूला त्यांनी फिरकीने न गोंधळणारं रबर लावलं आणि दुसरी बाजू चेंडू उचलायला, वळवायला मोकळी ठेवली.

भारताचा अनुभव हाच मुद्दा आणखी पुढे नेतो. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्राने महिला एकेरीचं सुवर्ण जिंकलं, आणि भारताच्या महिला संघानेही सुवर्ण मिळवलं. त्या संघात ठाण्याची मधुरिका पाटकरही होती. मनिकाच्या बॅकहँडला लाँग पिंपल असतं. हे दाणे उंच आणि लवचीक. चेंडूला ते पकडत नाहीत, वाकून त्याला घसरू देतात. त्यामुळे चेंडूची फिरकी जवळपास जशीच्या तशी राहते, फक्त प्रवासाची दिशा उलटते, आणि समोरच्याने पाठवलेलं टॉपस्पिन त्याच्याकडे बॅकस्पिन होऊन परततं. लाँग पिंपल हे बचावाचं हत्यार, असं पूर्वापार मानलं जातं. मनिका ते टेबलाजवळ वापरते. त्याने समोरचा ताल मोडते, चेंडू मंद करते, आणि मग फोरहँडने घाव घालते. २०२४ च्या फेब्रुवारीत बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत ऐहिका मुखर्जीने बॅकहँडच्या अँटी रबराच्या जोरावर चीनच्या तेव्हाच्या अव्वल मानांकित सुन यिंगशा हिला ३-१ असं नमवलं. अँटी हे तर सगळ्यांत निर्जीव, गुळगुळीत रबर. भारत ती लढत २-३ अशी हरला, पण त्या एका सामन्याने जे दाखवायचं ते दाखवलं. वेगाच्या तक्त्यात तळाला असलेलं रबर टेबलाजवळच्या आक्रमकाच्या हाती कामाचं ठरतं, कारण ते त्याच्यासाठी वेळ मोकळा करतं आणि समोरच्याची वेळ बिघडवतं.

यावर म्हटलं जातं की ही सगळी हातचलाखी. समोरचा सरावला की संपली. यात तथ्य आहे. नवलाईचा भाग ओसरतोच, आणि केवळ चमत्कारिक रबराच्या भरवशावर बसलेला खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या गाठीत उघडा पडतो. पण फसवणुकीचा आरोप टिकत नाही. १९८६ पासून बॅटच्या दोन बाजू लाल आणि काळ्या ठेवणं बंधनकारक झालं. २०२१ पासून लालऐवजी निळा, हिरवा, गुलाबी, जांभळा असे रंगही चालतात, दुसरी बाजू मात्र काळीच. सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याची बॅट हातात घेऊन तपासायचा हक्क असतो. कुठल्या बाजूला काय आहे ते दिसतं, आणि तरीही त्रास होतो. कारण माहीत असणं वेगळं आणि पाव सेकंदात त्यावर कृती करणं वेगळं. अर्थात लाँग पिंपल किंवा अँटी सगळ्यांनी लावावं असं इथे सुचवायचं नाही. त्यांना वेगळा हात, वेगळा मार्गदर्शक आणि बरीच वर्षं लागतात. त्यांच्याकडून घ्यायचा तो धडा: रबर चढाईत मदत करतं ते वेळ देऊन.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जगातले अव्वल खेळाडू वेगवान, फिरकीबाज, साधंच रबर वापरतात, आणि त्यातले कित्येक टेबलाजवळच खेळतात. मग त्यांचं अनुकरण का करू नये? उत्तराचा पहिला भाग असा की त्यांची निवड दिसते तेवढी वेगाकडे झुकलेली नाही. मा लाँग, फान चनतुंग, वांग चुचिन यांनी फोरहँडला निवडलं ते चिनी हरिकेन घराण्यातलं चिकट, कडक रबर. त्याचा स्वभाव असा की हळू खेळलं तर ते मुकं राहतं; आखूड परतवलेली सर्व्हिस आखूडच राहते. पूर्ण अंगाने मारलं तरच ते बोलतं. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये शांत आणि पाचव्यात तुफान, हा टेबलाजवळ हवा असलेला गुण त्यांनी फोरहँडला जपला आहे. गोफणीची जपानी किंवा जर्मन रबरं त्यांच्यातले अनेक जण बॅकहँडला लावतात, जिथे हात कमी फिरतो. जपानच्या बटरफ्लाय कंपनीने २००८ साली टेनर्जी हे गोफणीचं रबर आणलं, पण पुढे त्याच कंपनीला डिग्निक्स ०९सी हे चिकट वरच्या थराचं रबर काढावंसं वाटलं. पेठ कोणत्या दिशेने सरकते आहे, ते यावरून कळतं. उत्तराचा दुसरा भाग सरावाचा. दिवसाचे कित्येक तास सराव करणाऱ्याच्या हाताला रबराची उसळी पाठ असते; आठवड्यातून तीन संध्याकाळी जिमखान्यात खेळणाऱ्याला ती रोज नवी. तिसरा भाग मालाचा. हरिकेन ३ हे एकच नाव सांगितलं तरी साधं, प्रांतिक संघाचं आणि राष्ट्रीय संघाचं अशा त्याच्या वेगवेगळ्या प्रती असतात; जगज्जेत्याच्या बॅटवरचं रबर आणि दुकानातलं स्वस्त पाकीट यांत नावाचं साम्य असतं, गुणांचं नव्हे.

तिसरा आक्षेप घरचाच आहे: नाचता येईना अंगण वाकडं. फटका बरोबर असेल तर कुठलंही रबर चालतं, रबराच्या मागे लागणं हा पैसेवाल्यांचा छंद. नवशिक्याला हे तंतोतंत लागू आहे. पहिली दोन वर्षं मध्यम वेगाचं साधं रबर दोन्ही बाजूंना लावून त्याने विषय मिटवावा. पण पुढे रबर शिक्षकाचं काम करू लागतं, चांगल्याही आणि वाईटही अर्थाने. अति चपळ रबर लावलेल्याचे ब्लॉक लांब जातात, म्हणून तो मनगट आखडतो. काउंटर लांब जातो, म्हणून हात अर्ध्यात थांबवतो. सहा महिन्यांत आखडलेला फटका हाच त्याचा फटका होऊन बसतो, आणि ते उसनं अवसान पहिल्या कसलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर गळून पडतं. शांत रबराने खेळणाऱ्याला हात पूर्ण फिरवावा लागतो, नाहीतर चेंडू जातच नाही. वेग त्याने स्वतः तयार केलेला असतो, म्हणून तो कमीही करता येतो. अंगण वाकडं नसतं हे खरं, पण निसरडं असलं तर चांगला नाचणाराही पाय जपून टाकतो.

आता प्रत्यक्ष निवड. सर्वांत आधी जाडी. स्पंज साधारण १.५ पासून २.१ मिलिमीटरच्या आसपास मिळतो, आणि ‘मॅक्स’, म्हणजे सर्वांत जाड, घ्यायचा मोह मोठा असतो. टेबलाजवळ खेळणाऱ्याने साध्या रबरात १.८ ते २.० वर थांबावं. शॉर्ट पिंपलमध्ये १.५ ते १.८ पुरे. पातळ स्पंजमध्ये फटका लवकर लाकडापर्यंत पोहोचतो, चेंडूचा अंदाज हाताला नीट लागतो आणि वजनही घटतं. जाड साध्या रबराचा कापलेला तुकडा ४५-५० ग्रॅम भरतो, शॉर्ट पिंपलचा त्याहून दहा-पंधरा ग्रॅमने हलका. फोरहँडवरून बॅकहँडवर झटक्यात यायचं असतं तेव्हा बॅटच्या टोकाकडचे हे ग्रॅम मनगटाला कळतात. मग कडकपणा. स्पंजच्या कडकपणाचे आकडे देशागणिक वेगळ्या मापाचे असतात. चिनी ३९ हे जर्मन ४५ पेक्षा मऊ नसतं, उलट कडक असतं. म्हणून वेगवेगळ्या देशांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. जोरात पूर्ण हात फिरवणाऱ्याला मध्यम-कडक मानवतं. ब्लॉक आणि काउंटरवर जगणाऱ्याने फार मऊ घेऊ नये, कारण मऊ स्पंज जोराचा चेंडू गिळतो आणि मग कुठेही सोडतो. कंपनीच्या नावाची फार चिंता नको. जर्मनीत बव्हेरियातल्या ईएसएन या एकाच कारखान्यातून कितीतरी नामांकित कंपन्यांची रबरं बनून येतात. महासंघाच्या मान्यताप्राप्त यादीत ते आहे ना, एवढं मात्र पाहावं, आणि सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने रबर चिकटवायचा जुना जुगाड सोडावा. २००८ पासून तसले उडणारे द्रव असलेले गोंद नियमाबाहेर आहेत.

आपल्याकडचं एक कारण हवेचं. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात हॉलमध्ये दमटपणा इतका असतो की सपाट रबरावर ओलसर पापुद्रा धरतो आणि चेंडू घसरतो. चिकट रबराला याचा त्रास जास्त. अशा हवेत खेळणाऱ्याने पूर्ण चिनी चिकट रबराऐवजी किंचित चिकट किंवा कमी गोफणीचं साधं रबर घ्यावं आणि गेमच्या मध्ये ते पुसायला कापड जवळ ठेवावं. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात ही अडचण नसते. बाजूंची वाटणी करताना स्वतःच्या खेळाकडे पाहावं. बॅकहँडला ब्लॉक आणि सपाट फटका जास्त असेल, टॉपस्पिन जमत नसेल, तर तिथे शॉर्ट पिंपल गंभीरपणे विचारात घ्यावं. त्याची किंमतही मोजावी लागते हे विसरू नये: बॅकस्पिन उचलणं कठीण होतं, पायांना जास्त काम पडतं, आणि मागे ढकललं गेलं तर ते रबर हातात मेल्यासारखं वाटतं. ज्याला अधूनमधून मागे जाऊन खेळायला आवडतं त्याच्यासाठी ते नाही. दोन्ही बाजूंना टॉपस्पिन असेल तर दोन्हीकडे साधंच घ्यावं, पण बॅकहँडचं फोरहँडपेक्षा वेगवान नसावं.

नवं रबर लावल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा स्मॅश मारून पाहतात. स्मॅश कुठल्याही रबराने जातो, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी टेबलाच्या मागे अर्ध्या मीटरवर जमिनीवर चिकटपट्टी लावावी. जोडीदाराला सलग टॉपस्पिन मारायला सांगून दहा मिनिटं ब्लॉक आणि काउंटर करावेत, आणि नंतर दहा मिनिटं आखूड बॅकस्पिनच्या सर्व्हिस परतवाव्यात. परतवलेला चेंडू पलीकडच्या बाजूला दोनदा टप्पा घेतो का, आणि आपले पाय पट्टीच्या आत राहतात का, एवढंच तिसऱ्या माणसाने मोजावं. पाय आत राहिले तर रबर आपलं. ते पट्टीबाहेर जायला लागले तर रबर बदलावं, निदान जाडी एक पायरी कमी करावी. पाकिटावरचा वेगाचा आकडा त्यानंतर वाचला तरी चालेल.